विश्लेषण : हेलसिंकीचे कांस्यपदक आणि न मिळालेली ३० मिनिटे, खाशाबा जाधव यांची कहाणी आजही महत्त्वाची का?

ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव हे सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कोणी उभे केले, शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरूनही त्यांना पदक कसे मिळाले, ते रौप्य का होऊ शकले नाही आणि पदकानंतरची ३२ वर्षे त्यांनी कशी काढली, हे तितकेसे सांगितले जात नाही. खाशाबांच्या आयुष्याकडे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गावाने त्यांना कधी एकटे सोडले नाही. व्यवस्था मात्र बहुतेक वेळा उशिरा आली किंवा आलीच नाही.

खाशाबांची जडणघडण कशी झाली?

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडच्या प्रीतिसंगमापासून हे गाव जवळच आहे. पाच भावांमध्ये खाशाबा सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. त्यामुळे तालीम, जोर-बैठका आणि लाल माती हे सगळे घरातच होते. वयाच्या पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना कुस्तीचे पहिले धडे दिले. अंगकाठी लहानखुरी होती. पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे नाव पडले ते त्यामुळेच.

शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. तो काळ १९४२ च्या चळवळीचा होता. नाना पाटील यांचे प्रतिसरकार ज्या सातारा जिल्ह्यात उभे राहिले, त्या जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भागही होता. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे खाशाबा घडले ती माती सातारा आणि सांगली या दोघांचीही आहे. शाळकरी वयात खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोहोचवणे अशी कामे केली.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. तेथील एक प्रसंग कुस्तीप्रेमींमध्ये आजही सांगितला जातो. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना नाव द्यायचे होते, पण एवढ्याशा अंगकाठीचा मुलगा कुस्ती काय खेळणार, म्हणून क्रीडा शिक्षकांनी नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकर यांच्याकडे गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना लोळवले. या खर्डेकरांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. कॉलेजच्या काळात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत घेऊन त्याला पाठीवर आदळण्याचा हा डाव त्यांनी इतका घोटला होता की समोरच्याला तो येणार हे माहीत असूनही चुकवता येत नसे.

ऑलिम्पिक कुस्तीशी या भागाचे नाते कधीपासूनचे?

खाशाबा हे या भागातून ऑलिम्पिकला गेलेले पहिले मल्ल नव्हेत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. त्यानंतर आठच वर्षांनी, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचे छोटे पथक गेले. त्यात रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मराठी मल्ल होते. रणधीर शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. एका पायरीने त्यांचे पदक हुकले.

म्हणजे ऑलिम्पिक पदकाच्या इतक्या जवळ मराठी मल्ल १९२० मध्येच पोहोचला होता. ती एक पायरी चढायला मात्र ३२ वर्षे लागली.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये काय झाले?

लंडनला जाण्याआधी खाशाबांनी बंगालचे नामांकित मल्ल निरंजन दास यांना हरवून फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात आपली जागा पक्की केली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनमध्ये अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केले.

अडचण वेगळीच होती. खाशाबा आयुष्यभर मातीत खेळले होते आणि ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर होती. हा फरक केवळ जमिनीचा नाही. मातीतल्या कुस्तीत पैलवान एकमेकांचा दम काढत बराच वेळ झुंजतात आणि निकाल चितपटीवर लागतो. मॅटवर वेळ बांधलेली असते. चितपट झाली नाही तर पंच गुण पाहून निकाल देतात. पायाखालची पकडही बदलते. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. त्यामुळे डाव टाकतानाचा तोल नव्याने शिकावा लागतो.

हे सगळे थोड्या दिवसांत शिकून २२ वर्षांच्या खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचे बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचे बिली जर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र ते हरले आणि एकूण सहावे आले. मॅटवर नवख्या असलेल्या मल्लासाठी ही कामगिरी मोठी होती. पण खाशाबांना सहावा क्रमांक सलत होता. परतल्यावर त्यांनी मेहनत दुपटीने वाढवली आणि वरच्या, ५७ किलोच्या बॅंटमवेट गटात खेळायचे ठरवले.

हेलसिंकीला जाण्याआधीची लढत कोणती होती?

खरे तर दोन लढती होत्या. पहिली निवडीची. १९५२ मध्ये मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्या एका गुणाने ऑलिम्पिकची दारे बंद होणार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. पुन्हा चाचणी कुस्ती ठरली. समोर पुन्हा निरंजन दास होते. खाशाबांनी त्यांना चितपट केले आणि संघात जागा मिळवली. चितपटीच्या निकालात गुणांचा वाद उरतच नाही.

दुसरी लढत पैशांची होती. १९४८ मध्ये कोल्हापूर संस्थान पाठीशी होते. १९४९ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले. जुना राजाश्रय संपला होता आणि त्याची जागा घेईल अशी सरकारी क्रीडा व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. या दोहोंच्या मधल्या पोकळीत खाशाबा सापडले. त्यांनी सरकारदरबारी खेटे घातले, पण पदरात पडले ते गरजेच्या मानाने फारच तुटपुंजे होते.

मग गाव पुढे आले. गोळेश्वर आणि कराड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. शेतकरी, दुकानदार, ज्याला जे जमले त्याने ते दिले. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या ऑलिम्पिकसाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य, ही गोष्ट आज अविश्वसनीय वाटेल. पण भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाचा खर्च असा भागला.

५७ किलो गटात विजेतेपद तोवर कोणाचे होते?

कुस्ती १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून, १९०० चा अपवाद वगळता, खेळली जाते. फ्रीस्टाइल हा प्रकार १९०४ मध्ये आला. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड चालत नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरता येतात. म्हणून फ्रीस्टाइल आपल्या कुस्तीला जवळची.

बॅंटमवेटच्या विजेत्यांची यादी पाहिली तर खाशाबा कोणाच्या पंगतीत जाऊन बसले ते कळते. १९२४ मध्ये फिनलंडचे कुस्ता पिहलायामाकी, १९२८ मध्ये त्याच देशाचे कार्लो मॅकिनेन, १९३२ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट पिअर्स, १९३६ मध्ये हंगेरीचे ओडोन झोंबोरी आणि १९४८ मध्ये तुर्कस्तानचे नसुह अकार हे विजेते होते. फिनलंड, अमेरिका, तुर्कस्तान ही कुस्तीची मातब्बर राष्ट्रे. आशियाच्या पूर्वेकडचे एकही नाव या यादीत नाही.

१९५२ मध्ये चित्र बदलले. १९४८ मध्ये ज्याला बोलावलेही नव्हते तो जपान परत आला होता आणि सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता. दोघांचेही मल्ल ५७ किलो गटात होते. खाशाबांचा मार्ग त्यांच्यावरूनच जाणार होता.

शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरूनही पदक कसे मिळाले?

हा प्रश्न अनेकांना पडतो, कारण आज कांस्यपदकासाठी वेगळी कुस्ती जिंकावी लागते. १९५२ मध्ये पद्धत निराळी होती. तेव्हा दोष गुण मोजत. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर शून्य दोष गुण. गुणांवर जिंकले तर एक. हरले तर त्याहून जास्त. पाच दोष गुण साचले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे नुसते जिंकून भागत नसे. चितपट करून जिंकणाऱ्याची पाटी कोरी राहत असे. अशा रीतीने गळती होत शेवटी दोघे-तिघे उरले की त्यांच्या आपापसातील कुस्त्यांवरून पदकांचा क्रम ठरे.

हेलसिंकीच्या मेसुहाली सभागृहात २० ते २३ जुलै या काळात फ्रीस्टाइलच्या कुस्त्या झाल्या. खाशाबांनी कॅनडाचे एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचे लिओनार्डो बासुर्टो आणि जर्मनीचे फर्डिनंड श्मिट्झ यांना हरवत वाटचाल केली. शेवटी तिघे उरले. जपानचे शोहाची इशी, सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव. या तिघांत पोहोचल्यामुळेच त्यांचे पदक निश्चित झाले. प्रश्न होता तो त्याच्या रंगाचा.

न मिळालेल्या ३० मिनिटांचे प्रकरण काय?

इशी हे ज्युदोतून कुस्तीत आलेले चपळ मल्ल होते. त्यांच्याशी खाशाबांची कुस्ती लांबली. दोघांनीही एकमेकांना दमवले आणि अखेर गुणांवर इशी जिंकले. घामाने निथळत खाशाबा मॅटवरून उतरले आणि लगेचच त्यांना मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले.

नियमानुसार दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायची कोणी? पथकाचे व्यवस्थापक तेव्हा तिथे नव्हते. खाशाबांची बाजू मांडणारा एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. परदेशी पंचांसमोर परक्या भाषेत नियमावर बोट ठेवून वाद घालणे हे थकलेल्या मल्लाचे काम नव्हे. ते बाजूला उभ्या असलेल्या माणसाचे काम असते, आणि ती जागा रिकामी होती. खाशाबा तसेच पुन्हा मॅटवर गेले आणि हरले.

इशी यांना सुवर्ण, मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. इशी यांचे ते सुवर्ण हे हेलसिंकीत जपानने मिळवलेले एकमेव सुवर्णपदक होते. यावरून त्या गटाची पातळी कळते.

विश्रांती मिळाली असती तर खाशाबा नक्की जिंकले असते, असा दावा करता येणार नाही. मम्मदबेयोव्हही कसलेले मल्ल होते. पण बरोबरीची संधी मिळाली नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे. ज्या पथकाला तिथवर पोहोचवण्यासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, त्या पथकाला ऐन वेळी मॅटशेजारी एक माणूस उभा करता आला नाही. या कहाणीतली खरी बोच ती आहे.

त्याच ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरचे के. डी. माणगावे ६२ किलो गटात चौथे आले. अँटवर्पमध्ये शिंदे यांच्या वाट्याला आलेला क्रमांकच पुन्हा आला. एकाच भागातले दोन मल्ल एकाच ऑलिम्पिकमध्ये पहिल्या चारांत आले, हे त्या काळच्या तालमींचे श्रेय होते.

देशाने या पदकाची दखल कशी घेतली?

देशाचे लक्ष हॉकीकडे होते. खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारताने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा धुव्वा उडवला आणि हॉकीचे सुवर्ण पुन्हा जिंकले. बलबीर सिंग यांनी त्यात एकट्याने पाच गोल केले. त्या जल्लोषात कांस्यपदक झाकोळले गेले.

कराडमध्ये मात्र चित्र वेगळे होते. खाशाबा रेल्वेने परतले तेव्हा स्थानकावर लोक लोटले होते. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंतचा एरवी थोडक्यात संपणारा रस्ता, त्या दिवशी सात तास सरला नाही. ढोल, लेझीम, गुलाल आणि गावोगावचे लोक. ज्यांनी चार-आठ आणे वर्गणी दिली होती, त्यांना त्या पदकात आपला वाटा दिसत होता.

गुलाल खाली बसल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः कुस्त्या मारल्या आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवले. ऑलिम्पिक पदकविजेता आपल्या गुरूचे घर सोडवण्यासाठी पुन्हा लाल मातीत उतरला, हा प्रसंग पदकाइतकाच मोठा मानायला हवा.

पदकानंतरची वर्षे कशी गेली?

नोकरी लगेच मिळाली नाही. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारीही त्यांनी केली होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने घात केला आणि तिसरे ऑलिम्पिक हुकले. तेव्हा ते ३० वर्षांचे होते.

पुढे पोलीस क्रीडा स्पर्धांत ते खेळले, तरुण पोलिसांना शिकवले. एकूण २७ वर्षे त्यांनी नोकरी केली. पदोन्नती दीर्घकाळ रखडली आणि सेवेच्या अखेरीस ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी ज्योत घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. हयातीत वाट्याला आलेल्या मोजक्या राष्ट्रीय सन्मानांपैकी तो एक.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते.

सन्मान केव्हा मिळाले?

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला. खाशाबा त्यानंतर २३ वर्षे हयात होते. पण त्यांच्या नावाचा विचार झाला तो मृत्यूनंतर. राज्य सरकारचा शिवछत्रपती पुरस्कार नव्वदच्या दशकात आणि अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत उभारलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला के. डी. जाधव यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी, त्यांच्या ९७ व्या जयंतीला, गुगलने मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. महाराष्ट्राने हाच दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला.

पद्म पुरस्काराची मागणी अनेक वर्षांची आहे. गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावाने कुस्ती संकुल व्हावे ही मागणीही जुनी. ते काम रखडले म्हणून २०१७ मध्ये कुटुंबाने हेलसिंकीचे पदक लिलावात काढण्याचा इशारा दिला होता. ज्या पदकासाठी गावाने वर्गणी काढली, ते विकून संकुलासाठी पैसे उभे करण्याची वेळ यावी, यातच सगळे आले.

खाशाबांनंतर किती काळ वाट पाहावी लागली?

भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये अटलांटात मिळाले. टेनिसपटू लिअँडर पेस यांचे कांस्य. मधे ४४ वर्षे गेली. कुस्तीत पुढचे पदक २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमार यांनी मिळवले. ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले ते २०२४ मध्ये पॅरिसला. कोल्हापूर जिल्ह्यातील नेमबाज स्वप्नील कुसळे यांचे कांस्य. त्याला तब्बल ७२ वर्षे लागली.

याचा अर्थ या भागात खेळाडू निपजले नाहीत असा नाही. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण मिळवले. सांगलीच्याच पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये जलतरणात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत ३ हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. माणसे होती. त्यांच्या मागे शिस्तीत उभी राहणारी यंत्रणा अपुरी होती.

मॅटचेही तसेच झाले. महाराष्ट्रात कुस्ती म्हणजे जत्रेतले मैदान आणि लाल माती. ती परंपरा अभिमानाची आहेच. पण ऑलिम्पिक मॅटवर होते. हरियाणा आणि दिल्लीच्या आखाड्यांनी मॅटची सवय मुलांना लहानपणापासून लावली आणि २००८ नंतरची कुस्तीची बहुतेक पदके तिकडे गेली. खाशाबांनी १९४८ मध्ये लंडनला जो धडा घेतला, तो त्यांच्याच मुलखाने उशिरा गिरवला.

आज ही कहाणी का आठवायची?

पॅरिस ऑलिम्पिकमधील एक योगायोग पाहण्यासारखा आहे. तिथे पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये पुन्हा तोच ५७ किलोचा गट होता. सुवर्ण जपानच्या री हिगुची यांना मिळाले आणि कांस्य भारताच्या अमन सेहरावत यांना. हेलसिंकीप्रमाणेच जपानला सुवर्ण, भारताला कांस्य.

पण एक फरक होता. उपांत्य फेरीनंतर अमन यांचे वजन मर्यादेपेक्षा ४.६ किलोंनी जास्त भरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात ते बसले नसते तर कांस्यपदकाची कुस्तीच खेळता आली नसती. तेव्हा प्रशिक्षक आणि सहकारी रात्रभर त्यांच्यासोबत जागले. व्यायाम, वाफ, धावणे, पुन्हा वजनकाटा. सुमारे १० तासांत वजन उतरले आणि २१ व्या वर्षी अमन पदक घेऊन परतले.

हेलसिंकीत खाशाबांना फक्त ३० मिनिटे हवी होती आणि ती मागणारे कोणी नव्हते. पॅरिसमध्ये १० तास हातात होते आणि जागणारी माणसे होती. दोन्ही मल्लांची मेहनत आणि जिद्द सारखीच होती. बदलले ते त्यांच्या शेजारी कोण उभे आहे एवढेच.

आज सातारा-सांगलीच्या एखाद्या तालमीत पहाटे चारला उठून जोर मारणाऱ्या मुलाला खाशाबांचे पुतळे आणि त्यांच्या नावाचे दिवस हवेतच. पण त्याहून जास्त हवे आहे ते गावात मॅट, वेळेवर खुराकाचा खर्च, नियम जाणणारा प्रशिक्षक आणि परक्या देशात त्याची बाजू मांडणारा माणूस. गोळेश्वरच्या लोकांनी आणि खर्डेकरांनी १९५२ मध्ये आपला वाटा उचलला होता. उरलेला वाटा उचलणे हे आजच्या व्यवस्थेचे काम आहे.